एकदाच ऐकू येणारी परीक्षा

मुशायऱ्यात शेर आवडला की लोक ‘मुकर्रर’ म्हणतात आणि शायर तो पुन्हा ऐकवतो. ‘आयईएलटीएस’ या इंग्रजीच्या परीक्षेत श्रवणाचा भाग असतो, तिथे ही सोय नाही. बोलणं एकदाच ऐकवतात. चार भाग, 40 प्रश्न, साधारण 30 मिनिटं. परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघालेली आपली मुलं इथेच बेसावध सापडतात. आपण इंग्रजी शिकलो ते डोळ्यांनी. धडा वाचला, शब्दार्थ वहीत उतरवले. मीही बी.ए. झालो तो असाच. कानाला कुणी विचारलंच नाही.

माझी भाची नर्स आहे. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी व्हायची तर या परीक्षेतून जाणाऱ्यांना श्रवणात 7 बँड लागतो, म्हणजे 40 पैकी साधारण 30 उत्तरं बरोबर. तिला साडेसहा मिळाले. दिवसभर डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणारी मुलगी! कुठलं उत्तर चुकलं, हे निकालपत्रावर कळत नाही. म्हणून आम्ही तिच्या सरावाचे कागद घेऊन बसलो.

चौथ्या भागात एक व्याख्यान असतं. सगळे त्याला घाबरतात. तिचे गुण मात्र पहिल्याच भागात गेले होते, दोन माणसांच्या साध्या बोलण्यात. बाई म्हणते, ‘मंगळवारी येते.’ हिने मंगळवार लिहिला. बाई पुढे म्हणते, ‘छे, मंगळवारी जमणार नाही, बुधवारी येते.’ तोवर हिचे कान मिटले होते. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला ते पटत नाही. माणसं अशीच बोलतात, आणि वॉर्डातला पेशंटही वाक्य असंच मध्येच फिरवतो.

बाकीच्या चुका बारीक होत्या. ‘थर्टीन’चं ‘थर्टी’ झालेलं. अनेकवचनाचा शेवटचा ‘एस’ गळालेला. दोनच शब्द लिहा म्हटलं असताना तीन लिहिलेले. स्पेलिंग चुकलं तरी गुण जातो. शिवाय उच्चार एकाच मुलखाचे नसतात. ऑस्ट्रेलियन माणसाने नावातलं ‘ए’ अक्षर सांगितलं, तर आपल्या कानाला ते ‘आय’ वाटतं.

प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात रिकाम्या जागी आकडा येणार की नाव, याचा अंदाज बांधावा. उत्तरं प्रश्नांच्या क्रमानेच येतात. एखादं निसटलं तर सोडून द्यावं. त्याच्यामागे धावलं की पुढची दोनही जातात. शेवटी मात्र कुठलीच जागा रिकामी ठेवू नये, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत.

भाची आता रोज अर्धा तास ऐकते. आधी नुसतं ऐकून उत्तरं लिहिते, मग छापील मजकूर हातात घेऊन पुन्हा ऐकते आणि निसटलेल्या जागी खूण करते. परवा तिने वही दाखवली. खुणा बहुतेक त्या ‘एस’च्याच होत्या.