पाहिलं ते सांगूया



मला ‘कॅनडातले अनुभव’ सांगायला सांगितलंय. बर्फ आणि सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. मी एका विमानाबद्दल सांगते.

आमच्या घरापासून तासाभरावर हॅमिल्टनच्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर बॉम्बर आहे. अजून उडणारी लँकेस्टर जगात दोनच, त्यातलं हे एक. ते अँड्र्यू मिनार्स्कीच्या स्मृतीला वाहिलेलं आहे.

मिनार्स्की विनिपेगचा, पोलंडहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा. विमानाच्या पाठीवरची मशीनगन त्याच्याकडे होती. १२-१३ जून १९४४च्या रात्री फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर जाताना जर्मन विमानाने त्यांना गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली, आग लागली, कप्तानाने उड्या मारायला सांगितलं. मिनार्स्की दारापाशी पोचला, तेव्हा शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी अडकलेला दिसला. त्याची फिरती केबिन त्याच इंजिनांच्या जोरावर फिरायची. ती जाम झाली होती आणि हाताने फिरवायचा दांडाही तुटला होता.

मिनार्स्की आगीतून मागे गेला. कुऱ्हाड चालवली, मग नुसत्या हातांनी ओढलं. कपडे पेटले. ब्रॉफीने ‘जा’ म्हणून खुणावलं. दारापाशी परतून मिनार्स्कीने त्याला सलाम केला आणि पेटत्या पॅराशूटसह उडी मारली. भाजल्यामुळे तो वारला. वय २७.

विमान कोसळलं, पण ब्रॉफी बाहेर फेकला गेला आणि वाचला! सात जणांपैकी गेला तो एकटा मिनार्स्की. ब्रॉफीने पाहिलं ते सांगितलं, म्हणून जगाला कळलं. १९४६मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आमच्या कामात लॉगमध्ये नोंद नसेल, तर काय घडलं ते शोधताच येत नाही. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,०००हून जास्त लोक त्या युद्धात गेले. त्यातल्या कितीजणांचं सांगायला कुणी उरलंच नसेल.

आज सकाळी आपण आपल्या तीन दिवंगत सोबत्यांच्या फोटोंना हार घातले, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. त्यातली एक, नववीच्या रायगड सहलीत माझा पाय मुरगळला तेव्हा माझ्याजवळ पायथ्याशी बसून राहिली. गड तिने पाहिलाच नाही. कुरकुरही केली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही कधी बोलून दाखवलं नाही.

तुमच्याकडेही असं काही असेल. जेवणाच्या पंगतीत ते सांगा.