बलिष्ठ सभासदाचे काय करावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा बोनस, कंत्राटी कामगार असे काहीतरी ऐकावयास मिळेल ही असणार. आम्ही अमेरिकेतील लहान कॉलेजांच्या फुटबॉलचे नाव घेताच चिटणीस काही क्षण गप्प राहिले आणि मग त्यांनी विनयाने विचारले की, यावर तासभर बोलता येईल ना? तेव्हा आरंभीच खुलासा करतो. आम्ही अमेरिकेस गेलेलो नाही. शाळा नववीत सुटली. पुढे जे वाचले ते पाळी सुटल्यावर युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी मिनेसोटा राज्यात शिकावयास होती. २०१९ च्या उन्हाळ्यात ती घरी आली असता आम्ही सहज विचारले, "तिकडे नवीन काय?" ती म्हणाली, "काका, एका कॉलेजला मंडळातून काढून टाकलंय. फार जिंकतं म्हणून."

आम्ही हातातला कप खाली ठेवला. सभासदाला वर्गणी थकली म्हणून काढतात, फितूर झाला म्हणून काढतात. हे आम्ही पाहिले आहे आणि केलेही आहे. फार जिंकतो म्हणून काढल्याचे प्रथमच ऐकत होतो. तेव्हापासून हा विषय आमच्या मागे लागला तो लागलाच.

तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात धरून पळावयाचे, मैदान शंभर यार्डांचे, गडी अकरा-अकरा, आणि डोक्यावर शिरस्त्राणे घालून ते एकमेकांवर अक्षरशः आदळतात. अंगाची अशी मोडतोड होत असल्याने आठवड्यात एकच सामना खेळता येतो, बहुधा शनिवारी. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. वेळापत्रकाचा सारा पेच तिच्यातूनच निघतो.

तिकडची कॉलेजे आपापली मंडळे करून आपसात सामने खेळतात. या मंडळाला ते 'कॉन्फरन्स' म्हणतात. वर्तमानपत्रांत गाजते ती मोठ्या विद्यापीठांची पळापळ. २०२४ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन विद्यापीठे, जी पॅसिफिक महासागराच्या काठावर आहेत, ती अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या मंडळात जाऊन बसली. भूगोलाच्या मास्तरांनी डोक्याला हात लावावा असा हा प्रकार. पण तिथे दूरचित्रवाणीच्या कराराचा पैसा बोलतो, आणि पैसा बोलू लागला की नकाशा गप्प बसतो. त्यांना आज आपण सोडून देऊ.

आमचा विषय तिसऱ्या वर्गाचा आहे. १९७३ पासून तिकडच्या कॉलेजांचे खेळासाठी तीन वर्ग पाडलेले आहेत, आणि तिसऱ्या वर्गात खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास बंदी आहे. मुलगा फी भरतो आणि खेळतो. मग दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजने एवढा खर्चाचा खेळ ठेवावाच का? याचे एक उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. संघात शंभरएक मुले लागतात, ती खेळावयास मिळते म्हणून त्या कॉलेजात येतात आणि चार वर्षे फी भरतात. लहान कॉलेजाच्या जमाखर्चात शंभर मुलांची फी ही थोडीथोडकी बाब नव्हे. म्हणून संघ ठेवणे आणि त्याला पुरेसे सामने मिळवून देणे हा कॉलेज चालण्या-न चालण्याशी जोडलेला प्रश्न होऊन बसतो.

आता वेळापत्रकाकडे येऊ. आम्ही पंधरा वर्षे कारखान्यात पाळ्यांचे तक्ते लावले आहेत, त्यामुळे येथे आम्हाला घरी आल्यासारखे वाटते. हंगामात साधारण ११ आठवडे आणि फार तर १० सामने. मंडळात ९ संघ असतील तर एकूण सामने ३६. दर आठवड्यास ४ सामने आणि एक संघ विश्रांतीला. नऊ आठवड्यांत प्रत्येकाचे ८ सामने होतात, आरंभीच्या दोन आठवड्यांत बाहेरचे २ घ्यावयाचे, की १० भरले. विषम आकडा म्हणून आम्ही प्रथम नाक मुरडले होते, पण तक्ता मांडून पाहिला तर नऊचा आकडा फारच सुरेख बसतो. आठ असले की घरचे ७ होतात आणि बाहेरचे ३ शोधावे लागतात. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात असेच आठ संघांचे एक मंडळ आहे. त्यातला व्हाइटवॉटरचा संघ २००७ ते २०१४ या आठ वर्षांत सहा वेळा राष्ट्रीय विजेता झाला. अशाशी आपण होऊन सामना घेण्यास पाहुणे सहजी तयार होत नाहीत. पहिलवानाला गावात जोड मिळू नये तशी त्याची गत.

खरी पंचाईत पुढेच आहे. दहा संघांचा तक्ता लागलेला आहे आणि एक संघ निघून गेला असे समजा. उरलेल्या नऊ जणांच्या तक्त्यात प्रत्येकी एक शनिवार रिकामा पडतो. पण गेलेला संघ दर आठवड्यास वेगळ्याशी खेळणार होता, म्हणून नऊ जणांचे नऊ शनिवार वेगवेगळे असतात. त्यांना आपसात भोके बुजवता येत नाहीत. बाहेरचा गडी आणावा तर ऐन ऑक्टोबरात सारेच आपापल्या मंडळात गुंतलेले. गिरणीत माणूस गैरहजर राहिला तर दाराशी बदली कामगार उभा असे. येथे बदली मिळावयाचा तर दुसऱ्या एखाद्या मंडळातही नेमक्या त्याच शनिवारी असेच भोक पडलेले असावे लागते!

शिवाय मंडळाच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप जागा मिळते, पण त्यासाठी मंडळात किमान सभासद लागतात. पूर्वी ७ लागत, पुढे ६ केले. १९२६ च्या आपल्या ट्रेड युनियन कायद्यानेही नोंदणीसाठी सातच सहीदार मागितले होते, त्यामुळे हा आकडा वाचून आम्हाला हसू आले. सातवा सहीदार रात्रीतून फिरला तर काय होते हे येथे बसलेल्या दोघा-तिघांना चांगलेच ठाऊक आहे.

तर मिनेसोटा. तेथील मंडळ १९२० साली सात कॉलेजांनी स्थापन केले, आणि सेंट थॉमस, सेंट जॉन्स, मॅकॅलेस्टर, कार्लटन ही त्या सातांतली. ही काही आडगावची कॉलेजे नव्हेत. ज्याचा 'रिकामटेकड्या वर्गा'वरील १८९९ चा ग्रंथ आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला तो व्हेब्लेन कार्लटनचा पदवीधर; संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान मॅकॅलेस्टरचे, १९६१ चे. कार्लटन आणि सेंट ओलाफ ही दोन्ही नॉर्थफील्ड नावाच्या एकाच गावात. १९७७ साली त्यांनी यार्डांऐवजी शंभर मीटरांचे मैदान आखून एक सामना खेळून पाहिला. आपण मैल-शेर सोडून मीटर-किलो घेतले. त्यांनी ते एका दिवसापुरते घेतले आणि सोमवारी परत यार्डांवर आले.

यांतले मॅकॅलेस्टर म्हणजे दुबळा भाऊ. १९७४ ते १९८० या काळात त्याचा संघ ओळीने ५० सामने हरला. पुढेही फारसा निभाव लागेना, तेव्हा २००१ च्या हंगामानंतर फुटबॉलपुरते तो मंडळातून बाहेर पडला आणि बारा वर्षे कुठल्याही मंडळाविना, मिळेल त्याच्याशी खेळत राहिला. २०१४ साली तो दुसऱ्या एका मंडळात गेला, आणि पहिल्याच वर्षी तिथला विजेता झाला. मुले तीच, मैदान तेच. फक्त भिडू बदलले. पन्नास पराभवांचा संघ जात्याच नादान असे जे म्हणत आले होते त्यांनी याचा विचार करावा.

मॅकॅलेस्टरपासून मैलभरावर, त्याच सेंट पॉल शहरात, सेंट थॉमस आहे. २००७ साली त्याचा संघ दहांपैकी दोनच सामने जिंकला होता. पाच वर्षांत, २०१२ साली, तो राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला, २०१५ साली पुन्हा पोहोचला. कॉलेजही वाढत गेले. पदवी वर्गाचे सहा हजारांहून अधिक विद्यार्थी, तर इतर दोन-तीन हजारांच्या घरात किंवा त्याहून लहान. २०१७ साली त्याने सेंट ओलाफला ९७–० असे हरविले.

हा आकडा आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवला. हरणाऱ्या मुलांनीही फी भरलेलीच होती. संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसणारी मुले ती.

परंतु दुसरी बाजूही मांडली पाहिजे. त्याच २०१७ साली सेंट थॉमस आणि सेंट जॉन्स यांचा सामना पाहावयास ३७,३५५ माणसे आली. तिसऱ्या वर्गात एवढी गर्दी त्यापूर्वी झाली नव्हती. या दोघांची चुरस १९०१ पासूनची. सेंट जॉन्सला जॉन गॅग्लियार्डी नावाचे शिक्षक साठ वर्षे होते. सरावात गड्यांनी एकमेकांवर आदळू नये असा त्यांचा दंडक, शिट्टी फुंकावयाची नाही, आणि मुलांनी 'सर' न म्हणता नावाने हाक मारावयाची. असा माणूस ४८९ सामने जिंकून २०१२ साली निवृत्त झाला. मुकादमगिरीवाचून काम होत नाही असे आम्हाला सांगणाऱ्यांसाठी हे टिपून ठेवले आहे! सांगावयाचे ते हे की, बलिष्ठ सभासदाशी बरोबरीने झुंजणारे त्या मंडळात होतेच, आणि ती झुंज सगळ्या मंडळाची शोभा होती.

२०१९ च्या वसंतात तिकडच्या पत्रांतून बातम्या आल्या की, काही कॉलेजांचे प्रमुख मंडळ सोडून वेगळी चूल मांडण्याच्या विचारात आहेत. मे महिन्यात मंडळाने जाहीर केले की, सेंट थॉमसला स्पर्धेतील समतोलाच्या कारणास्तव २०२१ च्या वसंतात मंडळ सोडावे लागेल. संस्थापक सभासद, नियम मोडल्याचा आरोप नाही. शंभराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर बाहेर.

या निर्णयावर टीका करण्याचा आमचा अधिकार थोडा आहे, आणि तो का थोडा हे सांगितल्याविना पुढे जाणे बरे नव्हे. आमच्या जिल्ह्यात लहान-मोठ्या युनियनांची एक संयुक्त समिती होती. एका मोठ्या कारखान्याची युनियन तीत होती. वर्गणी तिची सर्वांत जास्त, मोर्च्यात माणसे तिचीच जास्त, आणि म्हणून ठरावही तिचेच होत. कौलांच्या, विड्यांच्या कामगारांचे प्रश्न विषयपत्रिकेत कायम शेवटी. लहान सहा जणांनी निर्वाणीचा निरोप दिला: ती राहणार असेल तर आम्ही जातो. सभा रात्री दीडपर्यंत चालली आणि ती युनियन बाहेर गेली. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढल्याच वर्षी विडी कामगारांचा संप झाला. तो आमच्या पहिल्या विषयाचा, आमच्या स्वतःच्या ठरावाचा संप होता. आणि संपनिधी अठरा दिवसांत संपला. पूर्वी तो संप झालाच नसता, आणि झाला असता तर अठरा दिवसांत मोडला नसता. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. त्यांतले कोणते वजनदार हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

मिनेसोटाच्या मंडळाला फुटबॉलपुरते आठ संघ उरणार होते, म्हणजे पुन्हा बाहेरचे तीन सामने शोधणे आले. २०२१ साली त्यांनी डुलुथचे सेंट स्कोलास्टिका घेतले आणि मॅकॅलेस्टर परत आले. दहा झाले. मग दहांचे दोन गट पाडले, आणि शेवटच्या शनिवारी दोन्ही गटांच्या पहिल्यांनी एकमेकांशी खेळून विजेता ठरवावयाचा असे केले. तक्ता म्हणून आम्हाला हा पसंत आहे. दुबळ्याला त्यात दम घ्यावयास जागा आहे. अर्थात ही दोन कॉलेजे जिथून आली तिथे दोन खड्डे पडले, ते तिथल्यांनी बुजवले की आणखी कुठे पडणार. त्यात कॉलेजेच बंद पडत आहेत. इलिनॉयमधले १८४६ चे मॅकमरे २०२० साली बंद झाले. अलाबामातले १८५६ चे बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मे २०२४ रोजी बंद झाले, तेव्हा त्याचा बेसबॉलचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. कॉलेज मिटले आणि मुले अजून मैदानावर!

सेंट थॉमसने २०२० साली खास परवानगी मिळविली आणि ते तिसऱ्या वर्गातून एकदम पहिल्या वर्गात गेले. फुटबॉलसाठी ज्या मंडळात गेले तेथेही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. मात्र त्याचे सभासद कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोपासून फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क राज्यापर्यंत पसरलेले. २०२१ साली ते ११ होते आणि सामने प्रत्येकाला ८, म्हणजे दोन भिडू भेटतच नसत. दुसऱ्याच वर्षी, २०२२ साली, सेंट थॉमसने तेही मंडळ जिंकले.

सेंट जॉन्सशी असलेला जुना सामना २०१९ साली शेवटचा झाला. आमच्या सहकाऱ्याच्या मुलीला आम्ही विचारले, की बाहेर काढल्यावर त्या दोन कॉलेजांच्या मुलांत बोलणे-चालणे तरी आहे का? ती म्हणाली, "आहे ना, काका. फक्त शनिवारी वेगळी असतात."

अध्यक्षांनी घड्याळ पुढे सरकवले आहे. कोणाला काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे. त्या समितीच्या सभेस हजर असलेले दोघे जण तिसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांनाही विचारण्यास हरकत नाही.