कॉम्प्युटरवर बसणाराही कामगारच
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. रेल्वेत गँगमन म्हणून लागलो आणि मुकादम होऊन निवृत्त झालो, हे आपण जाणताच. समितीने सांगितले, "दादा, दोन शब्द बोला," म्हणून उभा आहे.

आज मळवलीहून सकाळच्या लोकलला आपली किती पोरं हिंजवडीला जातात बघा. आकुर्डी नाहीतर चिंचवडला उतरायचं, पुढं बस. गळ्यात कंपनीचा पट्टा. आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच पाहिजे. माझी थोरली इंजिनियर होऊन नोकरीला लागली तेव्हा मी ह्याच विहारात पेढे वाटले. एसीतलं काम, हातात फावडं नाही, खडी नाही. मला वाटलं, आपल्या घरातली मजुरी संपली.

पण ते काम जवळून पाहिले तेव्हा कळले, की यातल्या बऱ्याच कंपन्या माणसांचे तास विकतात. परदेशातल्या गिऱ्हाइकाला तासाच्या हिशेबाने बिल लागते. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. तिकडची मिटिंग सुरू झाली की इकडे आपल्या पोरीचं ताट झाकून ठेवायचं. सकाळी पुन्हा हजेरी आहेच. एक काम संपून दुसरं मिळेपर्यंत माणूस 'बेंच'वर. पगार चालू असतो, पण झोप लागत नाही. मजूर नाक्यावर मुकादमाची वाट बघत बसतात ना, तसलाच प्रकार. फक्त खुर्ची गुबगुबीत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आता २०२३ साली इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला, रविवार धरून! सहा तास कमी करायला कायदा लागला, बेचाळीस वाढवायला नुसतं बोलणं पुरतं.

आता घरचं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. २०२३ साली आमच्या थोरलीला एका खोलीत बोलावलं. समोर दोघे जण. म्हणाले, राजीनामा दे, नाहीतर काढल्याचा शेरा बसेल, पुढं कुठं नोकरी लागणार नाही. अर्ध्या तासात तिनं सही केली. घरी सांगितलं आठ दिवसांनी. मी विचारलं, "बाळा, सही करायच्या आधी फोन का नाही केलास?" ती म्हणाली, "अप्पा, युनियन वगैरे तुमच्याकडं. आम्ही कामगार थोडेच आहोत?"

मी गप्प बसलो. अख्ख्या गँगला मी शिकवलं होतं, की साहेबाने पुढे केलेल्या कागदावर लगेच अंगठा करायचा नाही. आणि पोटच्या पोरीला ते सांगायचं राहिलं. कारण मीच तिला कामगार समजत नव्हतो.

खरी गोष्ट अशी, की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक काम करणाराही कामगार होता. मुख्यतः व्यवस्थापकाचे काम करणारा बाहेर. वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यायचा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. पण राजीनामा आपल्या सहीने दिला, की ही भरपाई गेली! म्हणून तर त्यांना तो कागद हवा असतो. २०१७ साली टेक महिंद्रमधल्या अशाच एका संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आली, तेव्हा आनंद महिंद्र यांनी जाहीर माफी मागितली. माफी मिळाली ती आवाज टेप झाला म्हणून. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यातली काही घरं आपल्या आसपासचीही असतील.

थोरली आता दुसरीकडे लागली आहे. ती बघा, मागे चपला लावतेय. ज्यांच्या घरात पोरगं अलीकडे गप्प गप्प झालंय, त्यांनी भोजनदानानंतर तिला गाठा. कोणता कागद मागायचा, कोणत्यावर सही करायची नाही, ते ती माझ्यापेक्षा नीट सांगेल.

जयभीम! नमो बुद्धाय!