डबा हातात द्यायचा

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत एकदाच उभी राहिले आणि तिसऱ्या वाक्याला सगळं विसरून खाली बसले. मराठीच्या बाई समोरच आहेत, त्यांना आठवत असेल. म्हणून आज लिहून आणलंय. संयोजकांनी मला ‘समाजसेवा’ या विषयावर बोल म्हणून सांगितलं. तो शब्द माझ्या मापाचा नाही. मी रविवार कारंजाजवळ पोळी-भाजी केंद्र चालवते. त्यामुळे मी डब्यांबद्दल बोलते, चालेल ना?

२४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. माझ्याकडे जेवणारी कॉलेजची मुलं गावी गेली. पोळ्या लाटायला येणाऱ्या दोघींना घरातून निघता येईना. केंद्र बंद करून बसावं म्हटलं, तर तिसऱ्या दिवशी पहाटे अमेरिकेतून फोन. आपल्याच वर्गातला, पण नाव घेऊ नकोस म्हणालाय. त्याची आई गंगापूर रोडला एकटी. वय चौऱ्याऐंशी. स्वयंपाकाच्या बाई यायच्या बंद झालेल्या. आई फोनवर म्हणत होत्या, “जेवले रे मी, काळजी करू नको.” त्यानं विचारलं, “काय जेवलीस?” तर म्हणाल्या, “बिस्किटं.” हे सांगताना तो फोनवर रडला. पाचवीत त्याचं डोकं बाकावर आपटून फुटलं होतं, तेव्हाही रडला नव्हता.

त्या दिवशी पहिला डबा गेला. मऊ भात, साधं वरण, दुधीची भाजी आणि एक पोळी. त्यानं आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, आणि आठ दिवसांत अकरा पत्ते आले. कुणाचे वडील, कुणाची मावशी, कुणाच्या शेजारच्या आजी. पोळ्या मी करायची, भाज्या चिरायचे आमचे हे. पोलिसांकडून पास काढला आणि आपल्या वर्गातले तिघं स्कूटरवरून डबे पोचवायला लागले. टाळेबंदी संपली, पण डबे थांबले नाहीत. आज तेवीस घरी जातात, रविवारसकट.

म्हाताऱ्या माणसांचा स्वयंपाक वेगळा असतो, हे वीस वर्षं केंद्र चालवूनही मला कळलं नव्हतं. कवळी लावणाऱ्याला ज्वारीची भाकरी चालते, पण ती आमटीत कुस्करता यावी इतकी आमटी द्यावी लागते. मधुमेह असेल तर भात कमी. रक्तदाब असेल तर मीठ बेताचं आणि लोणचं नाही, मग त्यासाठी रोज बोलणी खायची. एकादशीला तेवीसपैकी चौदा जणांचा उपास. मग भगर आणि दाण्याची आमटी. उपास सोडा म्हणून मी कुणाला सांगत नाही. जे खातील ते गरम द्यायचं, एवढंच. शिजवलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, म्हणून स्वयंपाक अकराला उतरतो आणि शेवटचा डबा साडेबाराच्या आत पोचलाच पाहिजे. आणि हो, डब्याबरोबर रोज विचारायचं, “पाणी प्यायलात का?” वयाबरोबर तहान कळेनाशी होते. नाशिकचा एप्रिल-मे आता काही आपल्या लहानपणचा राहिला नाही.

आता जे सांगायला मी खरं तर इथे उभी राहिले आहे ते सांगते.

तुम्हाला आठवत असेल, त्या दिवसांत कुणी कुणाच्या जवळ जात नव्हतं. डबा दाराच्या कडीला लटकवायचा, बेल वाजवायची आणि खाली उतरायचं, अशी पद्धत होती. आम्हीही तेच करत होतो. मे महिन्यात एक दिवस गंगापूर रोडच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा डबा मी स्वतः घेऊन गेले, कारण नेहमीचा मुलगा तापानं आजारी होता. लटकवला, बेल वाजवली आणि आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तर कालचा डबा तसाच लटकलेला. मी काय केलं? मला वाटलं, काकांना भाजी आवडली नसेल. कालचा डबा काढला, आजचा लटकवला, बेल वाजवली आणि जिना उतरले. पुढे सात डबे द्यायचे होते.

संध्याकाळी तो कालचा डबा धुवायला उघडला. पोळ्या ताठ झालेल्या, वरणाला वास आलेला, एक घासही खाल्लेला नव्हता. तेव्हा पोटात खड्डा पडला. फोन लावला, उचलेनात. आम्ही दोघं तसेच निघालो. सकाळचा डबाही तिथंच होता. आतून कडी. वॉचमन आणि शेजारचे दोघं यांनी दार तोडलं. काका न्हाणीघरात पडले होते, खुब्याचं हाड मोडलेलं. आदल्या दिवशी सकाळपासून. १०८ नंबरची गाडी आली, दवाखान्यात नेलं, शस्त्रक्रिया झाली. काका वाचले. नंतर वॉकर घेऊन घरात हिंडायलाही लागले.

दोन महिन्यांनी त्यांनी मला चहाला बोलावलं. मी माफी मागायच्या तयारीनं गेले होते. ते म्हणाले, “तुम्ही दोन्ही दिवस आलात, मला पावलं ऐकू आली. हाका मारल्या, पण आवाजच निघेना. पावलं परत खाली जाताना ऐकू येत होती.” ते रागानं बोलत नव्हते. काय झालं ते नुसतं सांगत होते. मला मात्र तो जिना अजून आठवतो. त्या जिन्यावरून उतरताना मी मनात बाकीच्या डब्यांचा हिशेब करत होते.

त्या दिवसापासून आमचा नियम एकच. डबा लटकवायचा नाही. बेल वाजवायची, दोन पावलं मागे व्हायचं, दार उघडेपर्यंत थांबायचं, चेहरा बघायचा आणि डबा हातात द्यायचा. दार उघडलं नाही तर तिथून हलायचं नाही. शेजारी, नातेवाईक, दोघांचे नंबर वहीत आहेत. त्या वहीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या. दार कुणी उघडलं? कालचा डबा कसा परत आला? आज काय वेगळं दिसलं?

परत आलेला डबा खूप सांगतो. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तिवंधा चौकाजवळच्या वाड्यातल्या एक आजी डबा लख्ख घासून द्यायच्या आणि आत काहीतरी असायचंच. दोन लिंबं, कढीलिंबाची डहाळी, नाहीतर खडीसाखरेचे चार खडे. एके दिवशी डबा खरकटा आला. आत काही नाही. आणणाऱ्या मित्रानं सहज म्हणून सांगितलं. मी हातातलं काम टाकून गेले. आजींना सपाटून ताप होता आणि त्या कुणाला सांगणार नव्हत्या. वेळेवर डॉक्टर झाले. आठ दिवसांनी डब्यात परत कढीलिंब आला, तेव्हा आमच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरला. तुमच्यापैकी काहींना तेव्हा तो फोटो कशाचा ते कळलं नव्हतं. आता कळलं असेल.

हे आम्ही शोधून काढलेलं नाही. भाईंदरला डॉ. उदय मोदी नावाचे आयुर्वेदिक डॉक्टर गेली अनेक वर्षं ‘श्रवण टिफिन सेवा’ चालवतात. दवाखान्यात आलेल्या एका वृद्धाची घरची अवस्था ऐकून त्यांनी एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवण द्यायला सुरुवात केली. त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला धीर आला. इंग्लंडमध्ये तर १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, हेमेल हेम्पस्टेड नावाच्या गावात बायकांच्या स्वयंसेवी संस्थेनं हे काम सुरू केलं. सुरुवातीच्या काळात तिथे जेवण जुन्या बाबागाड्यांमधून नेत आणि ते गरम राहावं म्हणून पेंढ्यात, जुन्या फेल्टच्या टोप्यांत ठेवत. आमच्या स्कूटरच्या डिकीतला थर्माकोलचा खोका बघून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

काही जण विचारतात, सरकारची शिवभोजन थाळी आहे की दहा रुपयांत. आहे, २६ जानेवारी २०२०ला सुरू झाली, आणि टाळेबंदीत तिनं कितीतरी लोकांना जगवलं. पण थाळीपर्यंत चालत जावं लागतं. वाड्याचा लाकडी जिना ज्याला उतरता येत नाही, त्याच्यासाठी रस्त्यापलीकडचं केंद्रही पुण्याइतकंच लांब. पैशांचं म्हणाल तर तेवीसातल्या बहुतेकांना पैशाची अडचण नाहीच. ज्यांना जमतं ते पूर्ण पैसे देतात, काही जण अर्धे देतात, तिघं काही देत नाहीत. कोण किती देतं ते फक्त माझ्या वहीला माहीत.

घेणं हे देण्याहून अवघड असतं, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना तुम्ही सगळे ओळखता. आपले शिपाईमामा. ज्यांनी आपल्याला घंटा दिली, उशिरा आल्यावर फाटकातून हळूच आत घेतलं, पावसात भिजलेल्यांची दप्तरं स्टाफरूममध्ये वाळत टाकली. मामी गेल्यावर ते पंचवटीत एका खोलीत एकटे राहतात, हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आपण शिक्षकांचे पत्ते शोधले, मामांचा पत्ता कुणी शोधलाच नाही. शेजारच्या दाराशी डबा द्यायला गेले, तेव्हा त्यांनीच मला ओळखलं. माझ्या चालण्यावरून!

डबा सुरू करते म्हटलं तर म्हणाले, “फुकटचं नको गं पोरी.” दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, “मामा, मग काम करा. मला रोज अकराला तेवीस घरी फोन करायला माणूस हवाय.” आता ते रोज बरोबर अकराला सुरुवात करतात. “डबा निघाला. बरं आहे ना? पाणी प्यायलात?” एवढंच बोलतात. कुणी फोन उचलला नाही तर मला कळवतात, आणि आमचा माणूस आधी त्या घरी जातो. गेल्या पावसाळ्यात गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, पलीकडे जायला उशीर होणार होता, तेव्हा पंचवटीतल्या सहा घरी त्यांनी आधीच सांगून ठेवलं, “आज घंटा उशिरा आहे.” एक आजी मला म्हणाल्या, “तुमचा डबा नाही आला तरी चालेल एखाद्या दिवशी, पण तो अकराचा फोन बंद करू नका.”

आता मागणं. देणगी नको. आठवड्यातला एक दिवस, अकरा ते साडेबारा, एवढं द्या. गुडघे दुखत असतील त्यांना लिफ्टच्या इमारती देऊ. जे नाशिकमध्ये नाहीत त्यांनी आपापल्या गावी आपल्याच जिन्यावरची दारं बघावीत. कुणी एकटं आहे का, त्यांच्या नातेवाइकांचा नंबर आपल्याकडे आहे का. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी मदतीचा क्रमांक आहे, तो फ्रिजवर लिहून ठेवा. आपणही साठीला आलोय. पाच-दहा वर्षांनी या यादीत आपलीच नावं असतील, तेव्हा मीठ कमी म्हणून तक्रार करायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

शिपाईमामा आज आले आहेत. शेवटच्या रांगेत बसलेत, पुढे या म्हटलं तर ऐकत नाहीत. सकाळी साडेदहाला गाडी त्यांना आणायला गेली, तर म्हणाले, “अकरा वाजून जाऊ देत, मग येतो.” तेवीस फोन झाले, मगच ते निघाले.

सर, बाई, तिसऱ्या वाक्याला विसरले नाही.