नळी की नाडी?

(रेडिओवरील भाषण)



बारावीचं वर्ष लागलं की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत घराघरांत एकच हिशेब सुरू होतो: ७२० पैकी किती? क्लास, टेस्ट सिरीज, रविवारची मॉक, पुन्हा क्लास. नीटच्या पेपरात १८० प्रश्न असतात. आपल्या मुलाला नक्की कशाची ओढ आहे, हा प्रश्न त्यांत नसतो. तो घरात विचारायचा असतो, आणि तोच राहून जातो. आज मी त्याच्यावरच बोलणार आहे.

गेल्या महिन्यात बोरिवलीच्या एक आई भेटल्या. मुलगी हुशार, 'मला रिसर्च करायचाय' म्हणते, म्हणून नीटची तयारी. न्यू जर्सीतला तिचा आतेभाऊ सुट्टीत कुठल्याशा प्रयोगशाळेत काम करतो आणि मग मेडिकलला अर्ज करणार आहे. आईंनी मला विचारलं, "आमच्या मुलीनेही असं काही करावं का? लॅबमध्ये करू दे की हॉस्पिटलमध्ये?" प्रश्न चांगला आहे. तिकडे आधी चार वर्षांचं कॉलेज, मग मेडिकल. अर्ज भरेपर्यंत मुलं दोन्हीकडे वावरलेली असतात. आपल्याकडे सतराव्या वर्षी फॉर्म भरायचा, तोही काही न बघता. म्हणून आपल्या मुलांनी हा विचार जास्त करायला हवा, आणि फॉर्म भरण्याआधी करायला हवा.

लॅबमधल्या आणि हॉस्पिटलमधल्या संशोधनात फरक काय, ते सांगते. लग्नघरातला स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा. आत आचारी, बाहेर पंगत. कढी फुटली तर आचारी काय करतो? ताक बदलून बघतो, आच कमी करून बघतो, बेसन जास्त लावून बघतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. प्रयोगशाळेतलं संशोधन असं चालतं. पंगतीत वाढप्याच्या हातात एवढं काही नसतं. एकाला साखर, एकीचा उपास, तिसरा 'पुरे, पुरे' म्हणत वाटी पुढे करतो. आता नव्या पद्धतीची कढी खरंच चांगली का, हे या पंगतीत ठरवायचं आहे. तर आधी प्रत्येकाला विचारायचं, "वाढू का?" नको म्हणाला तर त्याचा मान तसाच राखून पुढे जायचं. ही संमती. जुनी कुणाला आणि नवी कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, नाहीतर वाढपी आपल्या व्याह्यांच्या पानात नवीच वाढणार. जमलं तर कुठल्या पातेल्यात कुठली कढी आहे, हे वाढप्यालाही कळू द्यायचं नाही. आणि जेवणं झाल्यावर प्रत्येकाला गाठून विचारायचं, तोवर अर्धी पंगत हात धुऊन लोकल पकडायला निघालेली. रुग्णांवरचं, म्हणजे क्लिनिकल संशोधन हे असं असतं.

माझं आयुष्य पॅथॉलॉजीच्या विभागात गेलं, दोन्ही बाजू जवळून पाहिल्या. तिसऱ्या तपासणीला यायचे रुग्ण गणपतीला गावी जात, ते थेट दसऱ्यानंतर उगवत. तक्त्यातला तो रिकामा रकाना पाहून न चिडता जो पुन्हा फोन लावतो, घरी कुणी आजारी आहे का विचारतो, तो पंगतीतला माणूस. आणि पावसाळ्यात कल्चरच्या प्लेटवर बुरशी चढून आठवड्याचं काम कचऱ्यात गेलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या प्लेटा ओतायला बसतो, तो आचारी. दोघंही कष्टाळू, दोघंही हुशार. पण एकाची जागा दुसऱ्याला दिली तर दोघंही कोमेजतात. हे मी पाहिलं आहे, म्हणून इतक्या कळकळीने सांगते आहे.

आता दोन खरी माणसं. पहिल्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. १९१७ साली पुण्यात जन्म. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, आणि मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. मुलीने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं. पुढे एमएस्सीला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी अभ्यासल्या. लग्नानंतर मुंबईला आल्या, टाटा मेमोरियलमध्ये डॉक्टर खानोलकरांच्या हाताखाली काम केलं आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. उंदरांमधला स्तनांचा कर्करोग हा त्यांच्या कामाचा गाभा. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जगवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली. या पेशींना वेळच्या वेळी नवं द्रव अन्न लागतं, त्यांना रविवार कळत नाही. कर्करोगाच्या संशोधनात एवढं मोठं नाव, १९८२ साली पद्मभूषण, आणि हातात एमबीबीएसची पदवी नाही. तिची गरज पडली नाही.

आयांनो, बाबांनो, हे नीट ऐका. तुमच्या लेकीला पेशीत, जंतूत, रेणूत रस असेल तर तिला एमबीबीएस सक्तीचं नाही. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस बनवून आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन, ज्यांचं नाव परळच्या संस्थेला आहे, तेही डॉक्टर नव्हते. प्राणिशास्त्राचे होते.

दुसरे, डॉक्टर हिंमतराव बावस्कर. १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती, मुलं जास्त. बावस्करांकडे ना प्रयोगशाळा होती ना यंत्रं. ते रुग्णाच्या उशाशी बसले. घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, हातपाय थंड कधी पडले, रक्तदाब कधी चढला, फुप्फुसात पाणी कधी भरलं, हे तासातासाला लिहीत राहिले. त्या टिपणांतून विष शरीरात काय करतं याचा क्रम दिसला, आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे पुढे आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं लिखाण १९८२ सालीच आलं. मृत्यूचं प्रमाण तिसाच्या घरातून एक-दोन टक्क्यांवर उतरलं. नंतर प्रतिविषही मिळू लागलं. तेव्हा नुसतं प्राझोसिन बरं की जोडीला प्रतिविष, हे त्यांनी आणि डॉक्टर प्रमोदिनी बावस्करांनी महाडलाच ७० रुग्णांमध्ये चिठ्ठ्या टाकण्याच्या पद्धतीने तपासलं. कुणाला काय दिलं ते इथे वाढप्याला कळत होतं, लपवलं नव्हतं, पण कुणाला काय द्यायचं हे त्याच्या मर्जीवर नव्हतं. जोडीने दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. २०११ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. हे काम डॉक्टर झाल्याशिवाय, रुग्णाची नाडी हातात घेतल्याशिवाय झालं नसतं.

आता कुणी म्हणेल, मग यातलं श्रेष्ठ कुठलं? हा प्रश्न कृपा करून घरात आणू नका. विंचवाचं प्रतिविष बनतं प्रयोगशाळेत आणि उपयोगी पडतं रुग्णाच्या खाटेशी. १९५२ साली केईएम रुग्णालयाच्या डॉक्टर भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' दाखवला, तोही असाच. अडचण आली रुग्णाला रक्त जुळवताना, उलगडा झाला तपासणीच्या टेबलावर. आत-बाहेर ये-जा चालूच असते. आपला पाट कुठे मांडायचा, एवढंच ज्याने त्याने ओळखायचं.

पुन्हा सांगते, कारण हेच निसटतं: 'रिसर्च करायचाय' एवढ्याने एमबीबीएस ठरत नाही. लेकीला विचारा, तुला काय कळल्याशिवाय चैन पडत नाही? आजीचं औषध बदलल्यावर ती रात्री कशी झोपली, हे उठल्या उठल्या विचारणारी मुलगी वेगळी. आणि ते औषध पोटात जाऊन नक्की करतं काय, हे खोदत बसणारी वेगळी.

विचारून उत्तर मिळालं नाही तर दाखवा. एक सुट्टी क्लासमधून मोकळी करा. आजीला घेऊन राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात जाणार असाल, तर नातीला सोबत न्या. केसपेपरच्या रांगेत उभं राहू दे, ओपीडीच्या बाकावर बसू दे. बाहेर आल्यावर विचारा, काय काय पाहिलंस? ती माणसांबद्दल बोलते की तपासणीच्या कागदांबद्दल, तेवढं ऐका. देशात चालणाऱ्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही २००७ पासून इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. मुंबईच्या रुग्णालयांत काय चाललंय ते तिच्यासोबत चाळा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संस्था दारं उघडतात, तिथेही न्या. तिला नुसती यंत्रं दाखवून परत आणू नका. तिथल्या पीएचडीच्या मुलांशी बोलू दे, फसलेल्या प्रयोगांबद्दल विचारू दे.

आणि एक राग मनात आहे, तो बोलून टाकते. 'नीटला कमी पडले म्हणून बीएस्सी मायक्रो', हे वाक्य पाहुण्यांसमोर उच्चारू नका. त्या पोरीने ते आपल्या आवडीने घेतलं असेल, आणि तुम्ही तिच्या आवडीला उरलंसुरलं ठरवता. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. घाटकोपर-अंधेरीच्या मुलांना तर कलिन्याला विद्यापीठाच्या आवारात अणुऊर्जा विभागासोबतचं मूलभूत विज्ञान केंद्र आहे, तिथे पाच वर्षांचा एमएस्सी आहे, जीवशास्त्रासकट. घरातून डबा नेऊन शिकता येईल इतकं जवळ, आणि कितीतरी घरांत नावही माहीत नाही.

एमबीबीएसला गेलात तरी हा प्रश्न संपत नाही. तिथे आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना असते. मार्गदर्शक निवडताना लॅब की वॉर्ड, हे तेव्हाही ठरवावं लागतं, आणि मुलं 'सर सांगतील ते' म्हणून मोकळी होतात. त्यावर बरंच बोलायचं होतं, पण वेळ संपत आली.

कमलताईंचं एक सांगायचं राहतंय. उत्तरायुष्यात त्या अकोले तालुक्यातल्या राजूरला आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामासाठी गेल्या. आयुष्यभर नळीशी बसलेली बाई माणसांत गेली. म्हणजे सतराव्या वर्षीची निवड काही दगडावरची रेघ नव्हे. आणि जाता जाता, कलिन्याच्या त्या केंद्राच्या प्रवेशपरीक्षेचं नाव नेस्ट. तिचा फॉर्म नीटच्याच मोसमात निघतो. तारीख आजच काढून कॅलेंडरवर लिहून ठेवा.