वेल्डिंगचा रोबोट आणि निर्यातीचा हिशोब



१९६९ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या लॉर्डस्टाउनला, जनरल मोटर्सच्या कारखान्यात, युनिमेट रोबोट मोटारींच्या सांगाड्यांचं स्पॉट वेल्डिंग करू लागले. त्यानंतर कित्येक वर्षं रोबोट हा बड्या मोटार कंपन्यांचाच विषय होता. पुण्याजवळच्या भोसरीच्या किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या लहान फॅब्रिकेटरला त्याची गरज भासली नाही, कारण आपल्याकडे वेल्डर स्वस्तात मिळत होता. निर्यातीचे दर आपण त्याच भरवशावर काढत आलो. तो भरवसा आता पुरणार नाही, हे मला आज सांगायचं आहे.

चीनकडे बघा. तिथली मजुरी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, तरी त्यांचा माल स्वस्त पडतो. त्यामागे रोबोटही आहेत. २०२३ मध्ये जगात सुमारे ५ लाख ४१ हजार औद्योगिक रोबोट बसले. त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये, आणि भारतात साधारण साडेआठ हजार.

मग आपणही रोबोट घेऊन टाकावा का? जरा शॉपमध्ये उभं राहून बघू. अनुभवी वेल्डरसमोर जॉब येतो. एका टोकाला फट दोन मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. तो टॉर्च किंचित हलवतो, वेग कमी करतो, फट भरून काढतो आणि पुढच्या जॉबला लागतो. कटिंगमधली, बेंडिंगमधली चूक तो रोज अशी मुकाट्याने पोटात घालतो, म्हणून ती मालकाच्या हिशोबात कधी येतच नाही. रोबोट शिकवलेल्या रेषेवरून जातो. बेंडचा कोन जरासा चुकला की जोडाची जागा सरकते, पत्रा जळून भोक पडतं आणि जॉब भंगारात जातो. जोडाची रेषा शोधणाऱ्या सेन्सरने, म्हणजे सीम ट्रॅकिंगने, सरकलेली जागा सापडते, पण वेडीवाकडी फट त्याने बुजत नाही. म्हणून रोबोटचा खर्च खरा सुरू होतो तो जॉब पकडणाऱ्या फिक्स्चरपासून, पत्रा वाकवणाऱ्या प्रेस ब्रेकपासून. हे रोबोटच्या कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

आता बाजाराकडे वळू. अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचं शुल्क मार्च २०२५ मध्ये सरसकट २५ टक्के केलं आणि जूनमध्ये बहुतेक देशांसाठी ते ५० टक्क्यांवर नेलं. ऑगस्टमध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियम वापरून केलेल्या चारशेहून अधिक प्रकारच्या वस्तू त्यात आणल्या. एवढं शुल्क मजुरी वाचवून भरून निघेल, असं सांगून कुणी रोबोट विकत असेल तर त्याचं ऐकू नका. फॅब्रिकेशनच्या मालात मोठा खर्च पोलादाचा असतो, मजुरीचा नव्हे.

युरोपची अट वेगळी आहे. तिथली कार्बन सीमा-आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. पोलादी सांगाडे, पाइप, नट-बोल्टसुद्धा तिच्यात येतात. वेल्डिंगचा कार्बन त्यात नगण्य. खरा कार्बन पत्र्यात. तो कोणत्या मिलचा, झोतभट्टीचा की भंगार वितळवणाऱ्या विद्युतभट्टीचा, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. शिवाय बांधकामाच्या सांगाड्यांना ईएन १०९०, वेल्डिंगच्या दर्जाला आयएसओ ३८३४ ही मानकं आहेत. रोबोटचा उपयोग मला दिसतो तो इथे. प्रत्येक जोडाला किती करंट, किती व्होल्टेज, किती वेग होता, याची नोंद तो ठेवू शकतो. ग्राहकासमोर ती नोंद ठेवणारा लहान कारखानदार नव्या बाजारात उभा राहू शकतो.

आणि रोबोटचा प्रोग्राम कुणी लिहायचा? बरेच मालक नुकत्याच डिप्लोमा झालेल्या मुलाच्या हाती रोबोटला शिकवायचा रिमोट, म्हणजे टीच पेंडंट, देतात आणि वीस वर्षं टॉर्च धरलेल्या माणसाला लोडिंगला उभं करतात. याचा मला मनापासून राग येतो. टॉर्चचा कोन, तार किती बाहेर ठेवायची, टॅक कुठे मारायचा, उष्णतेने जॉब कुठे ओढला जाईल, हे त्या माणसाला ठाऊक आहे. बटणं शिकायला त्याला फार दिवस लागत नाहीत.

इथे बसलेल्या कारखानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. रोबोटची ऑर्डर देण्याआधी महिनाभर तुमच्या जॉबच्या फटी मोजा, आणि प्रशिक्षणाला पहिलं नाव तुमच्या सर्वांत जुन्या वेल्डरचं पाठवा.