आपल्या निळ्या वाघिणी

नोव्हेंबर २०२५मध्ये आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा गावागावात पेढे वाटले गेले. आम्हीही वाटले. पण आज बोलायचंय ते दुसऱ्या एका संघाबद्दल. त्याही आपल्याच मुली, त्याही निळ्याच जर्सीतल्या. भारताचा महिला फुटबॉल संघ. त्यांना निळ्या वाघिणी म्हणतात, आणि आम्ही त्यांच्या पक्क्या चाहत्या आहोत. चार जणी एका मोबाइलभोवती बसतो आणि घरच्यांना कळत नाही एवढा आरडाओरडा कशाचा चाललाय!

तर ऐका. ५ जुलै २०२५. थायलंडमधलं चियांग माई शहर. आशिया चषकाच्या पात्रता फेरीचा शेवटचा सामना, समोर यजमान थायलंड. हा संघ दोनदा विश्वचषक खेळलेला, क्रमवारीत आपल्या बराच वर. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. त्याआधी आपल्या मुलींनी मंगोलियाला तेरा, पूर्व तिमोरला चार आणि इराकला पाच गोल मारले होते, स्वतःवर एकही होऊ दिला नव्हता. पण खरी परीक्षा ही होती.

एकोणतिसाव्या मिनिटाला संगीता बासफोरने पहिला गोल केला. ही पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची मुलगी, सशस्त्र सीमा बलात नोकरी करणारी. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली. आमचे चेहरे पडले. मग चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर संगीताने डोक्याने दुसरा गोल केला! उरलेली सोळा मिनिटं आणि वरचा वाढीव वेळ कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. दोन-एक. भारत पात्रता फेरी खेळून, जिंकून आशिया चषकात पोचला, आणि हे पहिल्यांदाच घडलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे या मुलींनी आत्ता कुठे सुरुवात केली. तसं नाही बरं का. याच गोष्टीसाठी आज आम्ही माइकसमोर बसलो आहोत.

बायकांच्या फुटबॉलसाठी आपल्या देशात १९७५ सालीच वेगळी संघटना निघाली होती. १९८०च्या जानेवारीत आशियाची स्पर्धा भरली ती आपल्याकडेच, केरळात कोळिकोडला. भारताने एक नाही, दोन संघ उतरवले. त्यातला एक थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तैवानकडून हरला. पुढच्या वर्षी हाँगकाँगला आपण तिसरे आलो. १९८३ साली बँकॉकला पुन्हा अंतिम सामना! म्हणजे चार वर्षांत दोनदा आपण आशियात दुसरे होतो. त्या काळात गोव्याची योलांडा डिसोझा गोल करत होती. बंगालची शांती मलिक तर अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू, साल १९८३. आमच्यातल्या काही जणी तेव्हा शाळेत होत्या. ही नावं आम्हाला कुणी सांगितली नाहीत.

मग काय झालं? मुली खेळायच्या थांबल्या नाहीत, त्यांना सामनेच कमी मिळत गेले. दुसरे देश पुढे गेले. २००९ साली तर जागतिक क्रमवारीतून भारताचं नावच निघालं, कारण दीड वर्षात आपला संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. विचार करा, हरून नाव गेलं असतं तर समजलं असतं. इथं खेळायलाच न मिळाल्यामुळे गेलं.

आणि तरी, मैत्रिणींनो, सामने मिळाले तेव्हा या मुलींनी काय केलं बघा. २०१० साली दक्षिण आशियाची स्पर्धा सुरू झाली, ती सलग पाच वेळा जिंकली. त्यात मणिपूरची बेमबेम देवी होती. तिला पुढे पद्मश्री मिळाली. मणिपूरचीच बाला देवी २०२० साली स्कॉटलंडच्या रेंजर्स संघात गेली. पंजाबात होशियारपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मनीषा कल्याण. २०२१ साली ब्राझीलमध्ये जाऊन तिने ब्राझीलवर गोल केला. सामना आपण सहा-एक हरलो, पण तो एक गोल आम्ही अजून पुन्हापुन्हा बघतो.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. २०२२च्या जानेवारीत आशिया चषक आपल्या दारात आला होता. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथं सामने. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता. पहिला सामना इराणशी, शून्य-शून्य बरोबरीत सुटला. दुसरा २३ जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर, तैवानशी. आणि त्याच दिवशी कळलं की संघात करोना शिरलाय. नियमाप्रमाणे निदान तेरा खेळाडूंची नावं द्यावी लागतात, तेवढ्याही धडधाकट उरल्या नव्हत्या. सामना झालाच नाही. आपला संघ स्पर्धेतून बाद. वर्षानुवर्षं केलेली तयारी एका संध्याकाळी गुंडाळून ठेवावी लागली. त्या रात्री आम्हाला जेवण गेलं नाही.

आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला तो याच मैदानावर. तेव्हा आम्हाला आनंद झालाच, पण या फुटबॉलच्या मुलींचीही आठवण आली.

मार्च २०२६मध्ये ऑस्ट्रेलियात आशिया चषक. आपल्या गटात व्हिएतनाम, जपान आणि तैवान. बघा योग कसा! १९८०च्या अंतिम सामन्यात ज्यांनी हरवलं, २०२२ साली ज्यांच्यासमोर उभंही राहता आलं नाही, त्याच तैवानशी गटातला शेवटचा सामना. तिथं त्यांचं नाव चिनी तैपेई असं असतं, गोंधळू नका. इथं चांगली कामगिरी करणाऱ्या संघांना २०२७ साली ब्राझीलमध्ये होणाऱ्या विश्वचषकाचा रस्ता खुला होतो.

जपान एकदा विश्वविजेता झालेला संघ आहे. तेव्हा आम्ही डोळे मिटून विजयाच्या गप्पा मारत नाही. पण १९८३ नंतर जे झालं ते पुन्हा व्हायला नको, एवढंच आमचं म्हणणं आहे. जिंकलं की हार घालायचे आणि हरलं की वर्षभर सामनेच द्यायचे नाहीत, याने संघ मरतो. लोक विचारत राहिले, की पुढचा सामना कधी, कुठे, दाखवणार का, तर वरच्यांनाही उत्तर द्यावं लागतं. चाहत्यांचं काम एवढंच असतं, आणि ते आपल्याला घरबसल्या जमण्यासारखं आहे.

म्हणून सामने बघा. मोबाइल मुलांच्या हातून थोडा वेळ काढून घ्या. सुनेला, लेकीला, नातीला जवळ बसवा. संगीता कोण, मनीषा कोण, ते त्यांना सांगा, आणि शांती मलिकचं नाव आवर्जून सांगा. आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलगे चेंडू लाथाडत असतात ना, तिथं आपल्या मुलींनाही अर्धा तास सोडा. भाकरी आपण थापू तेवढ्या वेळात.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.